सुरुंग काढायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

प्रश्न असा आहे: "मी सैन्यात सॅपर, म्हणजे अभियांत्रिकी दलाचा जवान होतो, नुकताच निवृत्त झालो. परदेशात मानवतावादी सुरुंगनिर्मूलनाच्या कामावर जायचं मनात आहे, आधी ऑपरेटर म्हणून आणि जमलं तर पुढे प्रशिक्षक म्हणून. सैन्यातलं शिक्षण पुरेल का? तिथे काय शिकवतात? न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याचं कामही त्यात येतं का?"

मीही खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधलाच. निवृत्तीनंतर श्रीलंकेच्या उत्तर भागात, मुख्यतः किलिनोच्ची आणि मन्नारकडे, सुरुंग काढणाऱ्यांना शिकवत होतो. त्यामुळे उत्तर तिथल्या अनुभवावरून देतो. अंगोलात किंवा अफगाणिस्तानात माती वेगळी, सुरुंग वेगळे, पण माणूस घडवण्याची रीत फारशी बदलत नाही.

आधी सरळ उत्तर. तुमचं सैन्यातलं निम्मं शिक्षण कामाला येईल आणि निम्मं विसरावं लागेल. हे विसरणंच जड जातं. माझ्या हाताखालून गेलेल्यांत ज्यांनी आयुष्यात कधी स्फोटक पाहिलं नव्हतं ती माणसं बहुधा लवकर तयार झाली. ज्यांना "थोडं येत होतं", त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागलं.

कारण सोपं आहे. सैन्यात सुरुंगक्षेत्र हा अडथळा असतो. त्यातून ठराविक वेळेत वाट काढायची, रणगाडे आणि पायदळ पलीकडे न्यायचं. वाटेच्या दोन्ही बाजूंना काय उरलं याची त्या रात्री कुणाला पर्वा नसते, आणि थोडं नुकसान होणार हे हिशेबात धरलेलं असतं. मानवतावादी कामात वाट काढायची नसते, जमीन परत करायची असते. जाहीर केलेल्या क्षेत्रातला प्रत्येक चौरस मीटर, ठरलेल्या खोलीपर्यंत, एकही सुरुंग मागे न ठेवता. त्या जमिनीवर उद्या एखादी बाई शेंगदाणे पेरणार आहे आणि तिची पोरं तिथे अनवाणी पळणार आहेत. वेळेचं दडपण नाही, शत्रू नाही, अंधार नाही. म्हणजे धोका पत्करायला एकही सबब उरत नाही. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रमनंतर राजस्थान-पंजाबच्या शेतांतून आपलेच सुरुंग परत काढताना तुम्ही असाल, तर याची थोडी चव तुम्हाला मिळालेली आहे. स्वतः पेरलेले, नोंदी असलेले सुरुंग काढतानाही आपली माणसं जखमी झाली.

श्रीलंकेची परिस्थिती थोडक्यात सांगतो, म्हणजे शिकवण्यामागचं कारण कळेल. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकार आणि तमिळ बंडखोरांची एलटीटीई यांच्यात युद्धबंदी झाली तेव्हा मानवतावादी काम वेगात सुरू झालं, मग लढाई पुन्हा पेटली आणि मे २००९ मध्ये संपली. श्रीलंकेच्या सैन्याने ठराविक मांडणीत सुरुंगांचे पट्टे टाकले होते, त्यात पाकिस्तानी पी-४ आणि चिनी टाइप ७२ हे दोन मुख्य. दोन्ही प्लॅस्टिकचे, धातू अगदी नावाला. एलटीटीईने स्वतःचे बनवले. लाकडी पेटीतला 'जॉनी' आणि पी-४ च्या धर्तीवरचा 'रंगन'. त्यांच्या नोंदी मिळत नव्हत्या. जाफना द्वीपकल्पाच्या मानेवर मुहमालै नावाचं ठिकाण आहे. तिथे दोन्ही बाजूंच्या आघाड्या वर्षानुवर्षं समोरासमोर होत्या. सुरुंगांवर सुरुंग, त्यांवर तोफगोळ्यांचे तुकडे, त्यांवर कोसळलेले ताडाच्या ओंडक्यांचे बंकर. सगळं ताडाच्या मुळांत आणि वाळूत गुंतलेलं. श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंगबंदीच्या ओटावा करारात सामील झाली आणि सुरुंगमुक्तीसाठी तिला १ जून २०२८ ही मुदत आहे. भारत त्या करारात नाही, हे सांगितलेलं बरं. मुलाखतीत कुणीतरी विचारतंच.

आता प्रशिक्षण. सगळ्या संस्था सुरुंगनिर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांवर चालतात, त्यांना बोलताना 'आयमास' म्हणतात. ती २००१ मध्ये आली. त्यांवरून प्रत्येक देश आपली राष्ट्रीय मानकं ठरवतो आणि त्यांवरून संस्था आपली एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत लिहिते. तुम्ही शिकता आणि शिकवता ती एसओपी. नव्या डिमायनरचा, म्हणजे सुरुंग काढणाऱ्याचा, मूळ कोर्स साधारण दोन ते चार आठवड्यांचा. त्यात वर्गात बसणं थोडं आणि सरावाच्या लेनमध्ये गुडघे झिजवणं जास्त. चौघा-पाचजणांमागे एक प्रशिक्षक हवाच. त्याहून जास्त माणसं एका प्रशिक्षकाच्या गळ्यात मारली असतील तर तो कोर्स कागदावरचा समजा.

लेन म्हणजे तपासत पुढे सरकायची पट्टी, एक मीटर रुंदीची. समोर जमिनीवर आडवी काठी. तिच्या अलीकडे तपासलेली जमीन, पलीकडे न तपासलेली. लाल रंग म्हणजे धोक्याची बाजू, पांढरा म्हणजे सुरक्षित. आधी गवत-झुडपं कात्रीने थोडी थोडी कापायची, तीही तारेचा सापळा नाही याची खात्री करून. मग धातू शोधणारा डिटेक्टर फिरवायचा, दोन्ही कडांच्या बाहेर थोडा नेऊन, आधीच्या फेरीवर नवी फेरी चढवत. काही वाजलं नाही तर काठी पुढे. वाजलं तर उत्खनन. शेजारचा डिमायनर साधारण पंचवीस मीटरवर, म्हणजे एकाचा स्फोट झाला तर दुसरा त्यात सापडू नये. हे सगळं चार दिवसांत येतं. येत नाही ते पुढचं.

डिटेक्टर हे यंत्र नवशिक्याला देव वाटतं. पहिल्या दिवशी हे डोक्यातून काढावं लागतं. प्रत्येक सत्राआधी त्याच मातीत, ठरलेल्या खोलीवर पुरलेल्या नमुन्यावर तो तपासायचा. वाजला तर चालेल, नाही तर परत. आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी लोहयुक्त तांबडी माती असली की डिटेक्टर मातीलाच धातू समजून ओरडतो. जाफन्याकडेही लाल माती आहे. नवी यंत्रं हा मातीचा आवाज बऱ्यापैकी वजा करतात, पण वजा करताना खोलीही थोडी कमी होते, आणि टाइप ७२ सारख्या सुरुंगात मुळात धातू असतो केवढासा! मी शिकाऊ माणसाला एकच नमुना तीन वेगवेगळ्या मातींत पुरून देत असे आणि कुठे किती खोलीवर आवाज बंद होतो ते त्याच्याच हाताने वहीत लिहायला लावत असे. व्याख्यानापेक्षा ते पान जास्त लक्षात राहतं.

म्हणूनच श्रीलंकेत दंताळ्याची पद्धत रुजली. बाहेरच्या तज्ज्ञांना ती सुरुवातीला हास्यास्पद वाटायची; शेतातलं अवजार घेऊन सुरुंग काढायचे! लांब दांड्याची दोन दंताळी. जड दंताळ्याने माती सैल करायची, हलक्याने ती ओढून घ्यायची आणि हाताला अडथळा जाणवतो का ते पाहायचं. अख्खी जमीन ठरलेल्या खोलीपर्यंत उकरून निघते, त्यामुळे डिटेक्टरला काय ऐकू आलं यावर सगळा भरवसा राहत नाही. खरी गोम दिशेत आहे. डिमायनर आधीच उकरलेल्या, खालच्या पातळीवर उभा असतो आणि समोरच्या मातीच्या भिंतीतून ओढत असतो. दात सुरुंगाच्या कुशीला लागतात. दाबाने फुटणाऱ्या सुरुंगाचा धोका त्याच्या माथ्यावर असतो. वाळूत आणि भुसभुशीत मातीत ही पद्धत छान चालते, कडक भेगाळलेल्या जमिनीत नाही. पण जोर लावायचा नाही हे शिकवायला दिवस लागतात. शेतकऱ्याच्या हाताला दंताळं कसं धरायचं ते माहीत असतं, आणि नेमकी तीच सवय मोडावी लागते. शेतात माणूस दंताळं वरून आपटतो.

डिटेक्टरने काम करतानाही तत्त्व हेच. आवाजाची जागा चहूबाजूंनी येऊन पक्की करायची, अलीकडच्या कडेला खूण, खुणेच्या वीतभर अलीकडून खणायला सुरुवात. आधी खोलीपर्यंत खाली, मग आडवं पुढे, मातीचे पातळ वडीसारखे काप काढत. प्रॉडर, म्हणजे माती टोचून पाहायची सळई, वापरायचा तर तिरका, साधारण तीस अंशात, कधीही उभा नाही. इथे बरीच माणसं घाई करतात आणि खुणेच्या अगदी जवळ खणू लागतात. का? कारण आधीचे शंभर आवाज खिळे, पत्र्याचे तुकडे, काडतुसांच्या टोप्या निघालेले असतात. एकशे एकावाही खिळाच असणार असं हाताला वाटतं, डोक्याला नाही. डोक्याला विचारलं तर ते नियम बरोबर म्हणून दाखवतं.

या कामाच्या शिक्षणाबद्दल मला काही सांगायचं असेल तर ते इथे आहे. बाहेरच्यांना वाटतं की यात धैर्य लागतं. धैर्य पहिल्या आठवड्यात लागतं. नंतर लागतो तो कंटाळ्याशी टिकाव. पस्तीस अंशांचं ऊन, अंगात जड संरक्षक जाकीट, तोंडावर पाच मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेटची काच, काचेत वाफ, गुडघ्याखाली वाळू, आणि कित्येक आठवडे खिळ्यांशिवाय काही नाही. अशा वेळी माणूस काच वर करतो. घाम पुसायला, तेवढ्यापुरतीच. डिमायनरांच्या अपघातांच्या नोंदी जगभरातून गोळा केल्या गेल्या आहेत. त्या वाचा. बहुतेक अपघात खणताना झालेले आहेत, आणि त्यातही पुन्हा पुन्हा दिसतं की काच वर होती, किंवा चुकीचं अवजार हातात होतं, किंवा पर्यवेक्षकाने ते पाहूनही थांबवलं नव्हतं. सुरुंगाची ओळख नव्हती म्हणून झालेले अपघात त्यामानाने कमी.

म्हणून प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च डिमायनरवर नाही तर सेक्शन लीडरवर, म्हणजे तुकडीच्या पर्यवेक्षकावर करावा असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच संस्था उलट करतात. डिमायनरला कोर्स देतात आणि त्यातला हुशार दिसेल त्याच्या हातात शिट्टी देऊन त्याला लीडर करतात. चांगला डिमायनर खाली बघतो, लीडरने दिवसभर माणसांकडे बघायचं असतं. कुणाचा वेग अचानक वाढला? वेग वाढणं म्हणजे हुशारी नव्हे, काहीतरी सुटतंय याची ती खूण आहे. काल घरी भांडण झालंय का? कुणाच्या घरी आजारपण आहे? सकाळच्या हजेरीत लीडरला हे हेरता आलं पाहिजे आणि त्या माणसाला त्या दिवशी लेनबाहेरचं काम देता आलं पाहिजे, तेही चारचौघांत लाज न आणता. हे शिकवता येतं. मी लीडरांना इतरांच्या सरावाच्या लेनपाशी उभं करून तासभर नुसतं बघायला लावत असे. मग विचारायचो, कोणी किती वेळा काच वर केली, कोणाचा मार्कर सरकला, कोण आडवी काठी ओलांडून टेकला. पहिल्या दिवशी फार काही सांगता यायचं नाही. आठवड्याभरात नजर बसते.

दुसरा उपाय म्हणजे अचानक पुरलेले नमुने. सरावाच्या लेनमध्ये, डिमायनरला न सांगता, निष्क्रिय सुरुंग पुरून ठेवायचे आणि त्याला सापडतात का बघायचं. हे कोर्सनंतरही, कामावर असताना, सुट्टीहून परतल्यावर तर हमखास करायचं. ईशान्य मोसमी पावसात उत्तरेत काम बंद पडायचं. पाऊस संपल्यावर पहिल्या दिवशी कुणालाही थेट सुरुंगक्षेत्रात पाठवू नये. आधी सरावाची लेन, परीक्षा, मग पुढे. नापास झाला तर पुन्हा सराव. पगार मात्र कापायचा नाही. पगार कापला की लोक परीक्षेत काय करायचं ते शिकतात, लेनमध्ये काय करायचं ते नाही. चौरस मीटरवर बक्षीस देणारी संस्था दिसली तर त्या नोकरीपासून लांब राहा.

भाषेचं एक सांगतो. तिथे शिकवणं तमिळमधून, आणि माझी तमिळ बाजारापुरती. दुभाषा असला की प्रशिक्षकाला वाटतं लोकांना कळलं, कारण सगळे मान डोलावतात. मी प्रश्न विचारणं सोडलं आणि "करून दाखवा" एवढंच म्हणायला लागलो. शिवाय शक्य तितक्या लवकर स्थानिक प्रशिक्षक उभे करायचे. त्या तुकड्यांमध्ये बायका बऱ्याच असायच्या, कित्येक युद्धात नवरा गमावलेल्या. घर चालवणारी नियमित पगाराची नोकरी तिथे दुसरी नव्हती. त्यांच्यातल्याच एका अक्कांनी शिकवायला घेतलेल्या गटाचा सराव माझ्या गटापेक्षा नीटस असायचा. त्यांना समजावून सांगावं लागत नसे की आपल्या गावची ही जमीन कशासाठी साफ करायची.

न फुटलेल्या दारूगोळ्याबद्दल विचारलंत. हो, तो भाग येतोच. युद्धभूमीवर सुरुंगांबरोबर तोफगोळे, ग्रेनेड, आरपीजी, मॉर्टरचे गोळे पडलेले असतात, आणि सुरुंगापेक्षा त्यांची तऱ्हा जास्त अनिश्चित. पण याला स्वतंत्र पायऱ्या आहेत. पहिल्या पातळीचा ऑपरेटर शिकवलेल्या ठराविक वस्तू शोधतो, उघड्या करतो आणि एकेक करून जागच्या जागी उडवतो. दुसऱ्या पातळीवर, कोणती वस्तू हलवणं सुरक्षित आहे ते ठरवता आलं पाहिजे, ती नेता आली पाहिजे आणि अनेक वस्तू एकत्र नष्ट करता आल्या पाहिजेत. तिसऱ्या पातळीवर निकामी करण्याच्या पद्धती येतात, आणि त्यापुढे खास विषयांची वेगळी पात्रता. प्रत्येक पायरीला कोर्स, परीक्षा आणि मध्ये प्रत्यक्ष कामाचा काळ. पायऱ्या गाळता येत नाहीत, तुमच्या डिस्चार्ज बुकात काहीही लिहिलेलं असो.

माजी सैनिकांचा मोह नेमका इथे उफाळतो. फ्यूज काढून टाकू, मी केलंय, दोन मिनिटांचं काम. मानवतावादी कामात पहिला पर्याय नेहमी 'हात न लावता जागीच उडवणं' हाच. गोळा शाळेच्या भिंतीलगत किंवा विहिरीशेजारी असेल तर वाळूच्या गोण्या रचून आघात अडवायचा. तेही जमत नसेल तर वरच्या पातळीच्या माणसाला बोलवायचं. त्याची दोन दिवस वाट पाहणं हे काम आहे, कामचुकारपणा नाही. स्फोटाच्या दिवशी खरा वेळ स्फोटकात जात नाहीच. सगळ्या वाटांवर पहारेकरी उभे करण्यात, गुराख्यांना बाहेर काढण्यात, सगळी मोजणी पुन्हा तपासण्यात जातो. स्फोट झाला नाही तर ठरलेला काळ, सहसा अर्धा तास, कुणीही जवळ जायचं नाही. तो अर्धा तास प्रशिक्षणातही खराखुरा बसून काढायला लावावा. "समजा अर्धा तास झाला" म्हणून पुढे गेलेला शिकाऊ पुढे तेच करतो.

वैद्यकीय सरावाबद्दल थोडंच लिहितो, कारण तुम्हाला तो माहीत आहे. फरक एवढाच की रुग्णाला लेनमधून बाहेर काढणारा तपासलेल्या जमिनीवरूनच जातो, धावत सुटत नाही. शेजारी मित्र ओरडत असताना चालत जायला शिकवणं सगळ्यात कठीण. हा सराव सगळ्यांदेखत, कधीही, न सांगता करावा.

गडचिरोलीच्या संदर्भातही काही जण विचारतात. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक ज्या स्फोटात गेले, त्याला वर्तमानपत्रांत भूसुरुंगच म्हटलं गेलं. पण रस्त्याखाली पुरलेलं, कुणीतरी दबा धरून उडवलेलं स्फोटक ही वेगळी गोष्ट. तिथे पेरणारा जिवंत आहे, बघतो आहे, तुमच्या पद्धती शिकतो आहे. ते काम पोलिसांच्या बॉम्बशोधक-नाशक पथकांचं आणि सुरक्षा दलांचं. मानवतावादी संस्था लढाई सुरू असताना सहसा हात घालत नाही. इराकमध्ये आता घरगुती बनावटीच्या स्फोटकांची सफाई या संस्था करतात, पण लढाई पुढे सरकल्यावर, आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. दोन्हींचा अनुभव एकमेकांच्या जागी खपवू नका.

अर्ज करताना एवढं करा. आयमासचे मूळ दस्तऐवज इंटरनेटवर फुकट आहेत. प्रशिक्षणाविषयीचा ०६.१०, सफाईविषयीचा ०९.१०, दारूगोळ्याविषयीचा ०९.३० आणि संरक्षक साधनांविषयीचा १०.३० हे नीट वाचून जा. डिमायनरच्या जागा बहुतेक स्थानिकांनाच मिळतात आणि तेच योग्य आहे. बाहेरून येणाऱ्याची गरज प्रशिक्षक, दर्जा तपासणारा किंवा तांत्रिक सल्लागार म्हणून असते, म्हणून लेखी इंग्रजी आणि अहवाल लिहिण्याचा सराव करा. गुडघे आणि पाठ तपासून घ्या. मुलाखतीत तुम्हीही विचारा: विमा किती रकमेचा आणि कोणत्या अवस्थेत मिळतो, सगळ्यात जवळचं शस्त्रक्रियेचं रुग्णालय किती वेळावर, एका लीडरखाली किती माणसं, आणि गेल्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल वाचायला मिळेल का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर दुसरीकडे अर्ज करा.